समुद्रातली जमीन आणि प्रेमचंद रायचंद

राजाबाई टॉवर साऱ्या मुंबईला ठाऊक आहे. तो ज्याच्या पैशातून उभा राहिला, त्या माणसाने जमिनीच्या व्यवहारात काय गमावले, हे मात्र फारसे कुणाला आठवत नाही.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरत येथे एका जैन कुटुंबात झाला. वडिलांबरोबर ते मुंबईत आले, एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजी शिकले आणि दलालीच्या धंद्यात पडले. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा पहिला देशी दलाल म्हणून युरोपीय पेढ्यांत त्यांचा दबदबा निर्माण झाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, आणि मुंबईच्या बंदरात सोन्याचा पूर लोटला.

एवढा पैसा ठेवायचा कुठे? बेट चिंचोळे, जमीन अपुरी. तेव्हा समुद्र हटवून जमीन तयार करण्याच्या योजना निघाल्या. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतच्या उपसागरात भराव घालणारी बॅकबे कंपनी त्यांत सर्वांत गाजली. पाच हजार रुपयांचा तिचा शेअर दहापट भावाने विकला जाऊ लागला. जमीन अजून पाण्याखालीच होती! भिंत किती खोल घ्यावी लागेल, भराव किती लागेल, विक्रीयोग्य भूखंड हाती यायला किती वर्षे जातील, या प्रश्नांची धास्ती बाजारात कुणालाच नव्हती. अनेक कंपन्यांच्या शेअरांवर तर रकमेचा काही भागच भरलेला असे. उरलेले हप्ते पुढे भरावे लागतील, याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते.

प्रेमचंद या खेळाचे सूत्रधार होते. ते बँक ऑफ बॉम्बेचे संचालक. १८६३ च्या कायद्याने बँकेला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली आणि त्यांच्या शब्दावर लाखांची कर्जे सुटू लागली. तारण शेअरांचे, शेअर कर्जाच्या पैशाने घेतलेले! घसरण आली, तर अंगावर घ्यायला राखीव असे काहीच उरत नव्हते. आमच्या मते खरा दोष येथे आहे. हावेला तर त्या वर्षांत कोणीच अपवाद नव्हते.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेल्याची बातमी आली, आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्यांची मुदत १ जुलैची. त्या दिवशी देणे फेडू शकणारे फार थोडे निघाले. प्रेमचंदांची दौलत गेली. त्यांच्यावर विसंबलेल्या असंख्य घरांचीही गेली. बॅकबे कंपनी मोडली आणि तिच्या भरावाच्या पट्टीवरून पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेचा रूळ गेला. चर्नी रोड ते चर्चगेट रोज प्रवास करणारे त्याच फसलेल्या व्यवहारावरून जातात. १८६८ साली बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. तिच्या बुडण्याची जी सरकारी चौकशी झाली, तिने प्रेमचंदांवर कठोर ठपका ठेवला. तो अन्यायाचा होता, असे म्हणता येणार नाही.

एक रक्कम मात्र या पुरातून वाचली. १८६४ मध्ये, ऐन भरभराटीत, त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावे मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देऊन टाकले होते. हे पैसे त्यांच्या वहीतून निघून गेले होते, म्हणूनच ते बुडाले नाहीत. सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ साली काम सुरू झाले. खर्च देणगीच्या पुढे जाऊन साडेपाच लाखांच्या घरात पोहोचला. (आईला दिसत नसे, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून घड्याळ बसवले, ही कथा गोड आहे, पण ती आख्यायिका समजूनच ऐकावी.)

प्रेमचंद शहर सोडून गेले नाहीत. पुन्हा दलालीत उतरले, पूर्वीचे वैभव नसले तरी व्यवसाय सावरला. १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. त्यानंतर ते जवळजवळ अठ्ठावीस वर्षे जगले. १९०६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा बॅकबेचा बहुतेक भाग अजून समुद्रच होता.