तिसऱ्या सामन्यात मिळालेली जागा

१९५८ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलचा संघ स्वीडनमध्ये दाखल झाला, तेव्हा उजव्या बगलेवर कोणाला खेळवायचे हा प्रश्न सुटल्यासारखाच होता. अनुभवी ज्युलिन्यो इटलीत खेळत असल्याने त्याने संघात येण्यास नकार दिला होता. प्रशिक्षक व्हिसेन्ते फियोला यांनी पहिल्या दोन सामन्यांत फ्लामेंगोच्या जोएलला उतरविले. आणि मानुएल फ्रान्सिस्को दोस सान्तोस, म्हणजेच गारिंचा, बाहेर बसून राहिला.

बाहेर बसणे त्याला नवे नव्हते. रिओजवळच्या पाउ ग्रांदे या गिरणीच्या गावात २८ ऑक्टोबर १९३३ रोजी तो जन्मला. उजवा पाय आत वळलेला, डावा बाहेर झुकलेला, शिवाय आखूड. चिमुकल्या रानपाखराचे नाव त्याला बहिणीने दिले आणि तेच जन्मभर चिकटले. चौदाव्या वर्षी तो कापड गिरणीत लागला; पण कामापेक्षा त्याचे लक्ष चेंडूकडे अधिक. रिओच्या बड्या क्लबांत चाचणीला गेला असता एका ठिकाणी बूट नाहीत म्हणून त्याला परत पाठविले, तर दुसरीकडून शेवटची गाडी चुकू नये म्हणून तोच निघून आला, असे सांगतात. १९५३ मध्ये मात्र बोटाफोगोच्या सरावात त्याच्यासमोर उभा होता राष्ट्रीय संघाचा बचावपटू नील्टन सान्तोस. या पोराने त्याला चकविले. चिडण्याऐवजी नील्टनने त्याला ताबडतोब करारबद्ध करण्याचा आग्रह धरला. रोज याच्याविरुद्ध खेळण्यापेक्षा तो आपल्या बाजूला असलेला बरा, हा त्यामागचा हिशेब! मुख्य संघातील पहिल्याच सामन्यात गारिंचाने तीन गोल केले.

तरीही स्वीडनमध्ये फियोला साशंक होते. विश्वचषकापूर्वी फिओरेन्टिनाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्याने गोलरक्षकालाही चकविले आणि गोल समोर मोकळा असताना एका बचावपटूची वाट पाहून, त्यालाही हुलकावणी देऊन मगच चेंडू आत सारला. प्रेक्षक खूष झाले. संघाच्या धुरिणांना तो पोरकटपणा वाटला. संघाचे मानसतज्ज्ञ कार्व्हाल्यायस यांच्या चाचणीतही तो नापास ठरला. त्यांच्या मते सतरा वर्षांचा पेलेही अपरिपक्वच होता!

ऑस्ट्रियाला ब्राझीलने ३-० असे हरविले, पण इंग्लंडशी ०-० बरोबरी झाली. सोव्हिएत संघाविरुद्धचा तिसरा सामना निर्णायक ठरला. ज्येष्ठ खेळाडूंनी गारिंचासाठी शब्द टाकल्याची कथा प्रसिद्ध आहे. आमच्या मते त्या बरोबरीनेच फियोलांचा हात अधिक पिरगाळला असावा.

१५ जून १९५८, गोथेनबर्ग. सामना सुरू होताच गारिंचाने बचावपटू कुझनेत्सोव्हला मागे टाकले आणि त्याचा फटका खांबावर आदळला. पाठोपाठ पेलेचा फटका आडव्या दांडीवर. तिसऱ्या मिनिटाला व्हावाने लेव्ह याशिनला चकवून गोल केला. ब्राझील २-० असा जिंकला. त्यानंतर गारिंचाला वगळण्याचा विषयच निघाला नाही. स्वीडनविरुद्धच्या अंतिम सामन्यात व्हावाचे दोन गोल त्याच्याच पासवर झाले.

१९६२ मध्ये चिलीत पेले जायबंदी झाल्यावर संघाचा भार त्याने पेलला. इंग्लंड आणि यजमान चिलीविरुद्ध दोन-दोन गोल केले. ब्राझीलकडून तो एकच सामना हरला, १९६६ मध्ये हंगेरीविरुद्ध, आणि तोच त्याचा शेवटचा ठरला.

पुढे मद्याने त्याला पोखरले. २० जानेवारी १९८३ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, रिओत त्याचे निधन झाले. माराकाना स्टेडियममध्ये अंत्यदर्शनासाठी लोटलेली गर्दी पाउ ग्रांदेच्या रस्त्यापर्यंत त्याच्या सोबत गेली.