वाळवंटाचा सारथी : राल्फ बॅग्नॉल्ड

मोटारगाडीचे मूळ रूप बदलून ती आडवाटेने डोंगरदऱ्यांत किंवा वाळवंटात नेण्याचा छंद आता आपल्याकडेही रुजला आहे. जिप्सी, थार किंवा जिम्नीसारख्या लहान गाडीला मोठे टायर, जादा दिवे आणि टपावर लोखंडी कॅरिअर बसविले की ती मोहिमेसाठी सज्ज झाली, असा अनेकांचा समज असतो. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, त्या राल्फ बॅग्नॉल्ड यांची रीत मात्र नेमकी उलट होती. गाडीवर काय चढवावे यापेक्षा तिच्यावरून काय उतरवावे, याचा विचार ते आधी करीत. ज्या प्रदेशात ते गाड्या नेत, तेथे हिशेब चुकला तर त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली असती.

बॅग्नॉल्ड यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. त्यांचे वडील ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स या अभियंता दलात अधिकारी होते. खार्तुमच्या वेढ्यात सापडलेल्या जनरल गॉर्डन यांच्या सुटकेसाठी १८८४-८५ मध्ये निघालेल्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला होता. थोरली बहीण एनिड ही पुढे नामवंत लेखिका झाली. राल्फ यांचे बालपण काही काळ जमैकात गेले. वूलिच येथील लष्करी अकादमीतून बाहेर पडून १९१५ मध्ये तेही रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाले. फ्रान्स आणि बेल्जियममधील खंदकांत त्यांनी पहिले महायुद्ध अनुभवले. युद्ध संपल्यावर त्यांनी केंब्रिज येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि नंतर लष्कराच्या संदेशवहन दलात प्रवेश केला.

१९२६ च्या सुमारास कैरो येथे झालेल्या नेमणुकीने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. नाईल नदीच्या पश्चिमेला लिबियाचे वाळवंट पसरलेले आहे. शेकडो किलोमीटर पाण्याचा थेंब न मिळणाऱ्या या प्रदेशाचा मोठा भाग त्या वेळी नकाशावर कोराच होता. उंटालाही पाण्याविना चालण्याची मर्यादा असल्याने अंतर्भागात शिरणे दुरापास्त होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींच्या तुकड्यांनी या वाळवंटात फोर्डच्या मॉडेल टी गाड्या फिरविल्या होत्या, पण युद्धानंतर तो अनुभव विस्मृतीत गेला. बॅग्नॉल्ड आणि त्यांच्या काही सहकारी अधिकाऱ्यांनी सुटीच्या दिवसांत, पदरच्या पैशाने तो धागा पुन्हा उचलला. प्रारंभी त्यांच्याजवळ याच साध्या, हलक्या मॉडेल टी गाड्या होत्या. १९२९ पासून त्यांनी मॉडेल ए वापरली.

गाडीच्या फेरफारांमागे त्यांचे गणित सरळ होते. प्रत्येक अनावश्यक किलो वजन म्हणजे तेवढे कमी पाणी किंवा तेवढे कमी पेट्रोल. त्यामुळे कारखान्यातून आलेल्या गाडीची जड बॉडी, टप, दारे, मडगार्ड असे जे जे काढता येईल ते काढले जाई. त्या जागी साध्या लाकडी पेट्या बसवून त्यांत पाणी, पेट्रोलचे डबे, अन्न आणि सुटे भाग नीट रचले जात. कोणती वस्तू कोठे आहे, हे ठरलेले असे. पेट्रोल प्रत्येकी चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांत मिळे आणि हादऱ्यांनी ते डबे गळत. ही गळतीही हिशेबात धरावी लागे.

खरा प्रश्न पाण्याचा होता. मऊ वाळूत खालच्या गिअरमध्ये, त्यातही वारा पाठीमागून असताना, इंजिन तापून रेडिएटरमधील पाणी उकळू लागे आणि वाफ होऊन उडून जाई. यावर पहिल्या महायुद्धातील तुकड्यांनी काढलेली युक्ती बॅग्नॉल्ड यांनी पुढे नेली. रेडिएटरची वाफ बाहेर पडण्याची वाट बंद करून तिला एका नळीने गाडीच्या बाजूला बांधलेल्या, अर्धवट पाण्याने भरलेल्या डब्यात सोडले. वाफ त्या पाण्यात शिरून थंड होई व तिचे पुन्हा पाणी होई. इंजिन निवले की रेडिएटरमध्ये निर्माण झालेली पोकळी ते पाणी आपोआप परत ओढून घेई. एक नळी आणि एक डबा, एवढ्या सामग्रीवर माणसांच्या वाट्याचे पाणी वाचले.

गाडी रुतू नये म्हणून ते रुंद टायर वापरीत आणि त्यांतील हवा कमी करीत. हवा कमी झाली की टायर पसरतो, वजन मोठ्या पृष्ठभागावर विभागले जाते आणि चाक वाळूच्या वरच्या थरावर तरते. मात्र हा उपाय वाळूचा आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या शिवारात, भर पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत गाडी घालणाऱ्यास वेगळाच अनुभव येतो. पाणी पिऊन फुगणारी ती चिकण माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहते. वाळूची युक्ती चिखलाला जशीच्या तशी लागू पडत नाही. जमीन ओळखावी आणि मग गाडीला हात लावावा, हाच बॅग्नॉल्ड यांच्या कामाचा गाभा होता.

तरीही चाके रुतत. त्यासाठी त्यांनी कैरोच्या भंगार बाजारातून पोलादी पन्हळी मिळविल्या. महायुद्धात खंदकांवर छत घालण्यासाठी त्या बनविल्या होत्या. रुतलेल्या चाकापुढची वाळू उकरून त्या खाली सारल्या की गाडीला काही फूट पक्की वाट मिळे. आज मोहिमेच्या गाड्यांच्या बाजूला किंवा टपावर ज्या लांबट पट्ट्या बांधलेल्या दिसतात, त्यांचा वंश या पन्हळींपर्यंत पोहोचतो.

दिशा राखणे हेही तितकेच कठीण होते. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्राचा भरवसा नसे आणि प्रत्येक वेळी उतरून दिशा पाहायची तर दिवस वाया जाई. बॅग्नॉल्ड यांनी चालकासमोर बसविता येईल असे सूर्य-होकायंत्र तयार केले. अंशांच्या खुणा असलेल्या आडव्या तबकडीच्या मध्यभागी एक उभी सळई असे आणि तिची सावली पाहत गाडी न थांबविता दिशा धरता येई. रात्री मुक्कामी ताऱ्यांचे वेध घेऊन आणि रेडिओवरील वेळेच्या संकेतांशी घड्याळ जुळवून नेमके स्थान निश्चित केले जाई.

१९२८ च्या सुमारास त्यांची बदली हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर झाली, तरी वाळवंटाचा ध्यास सुटला नाही. १९२९ आणि १९३० मध्ये मोहिमा झाल्या. वाळूच्या उंच टेकड्यांची ओळीमागून ओळ असलेला ग्रेट सँड सी हा भाग मोटारींना अभेद्य मानला जात होता. घट्ट बसलेल्या वाळूचा उतार हेरून वेगाने गाडी घातल्यास तो चढता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. लिबियाचे वाळवंट पूर्व-पश्चिम ओलांडल्याची पहिली नोंद १९३२ च्या त्यांच्या मोहिमेच्या नावावर आहे. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. १९३५ मध्ये त्यांचे लिबियन सँड्स हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ते लष्करातून निवृत्त झाले.

ज्या वाळूने गाड्या अडविल्या, तिच्याच अभ्यासाकडे ते आता वळले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्यांनी स्वतः वातबोगदा उभारला. वाऱ्याने वाळूचे कण उड्या मारीत कसे पुढे सरकतात, टेकड्या कशा घडतात, याची त्यांनी मोजमापे घेतली. वाहून जाणाऱ्या वाळूचे प्रमाण वाऱ्याच्या वेगाच्या साध्या पटीत नव्हे, तर जवळजवळ त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. बंद खोलीतील निष्कर्ष पडताळण्यासाठी १९३८ मध्ये ते पुन्हा वाळवंटात गेले. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रकाशित झाला आणि तो आजही पायाभूत मानला जातो.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. लष्कराने त्यांना परत बोलावून पूर्व आफ्रिकेत धाडले, पण भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाची टक्कर झाली आणि ते इजिप्तमध्ये उतरले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर सेनापती वेव्हेल यांनी त्यांची योजना मान्य केली आणि अवघ्या सहा आठवड्यांत लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही तुकडी उभी राहिली. शेव्हरोले ट्रकची दारे, टप व काचा उतरल्या आणि सूर्य-होकायंत्रे, पन्हळी व पाण्याचे डबे चढले. पहिले सैनिक होते न्यूझीलंडचे, त्यातील बरेच शेतकरी. पुढे भारतीय घोडदळाच्या तीन रेजिमेंटांतून निवडलेले इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रनचे जवानही या तुकडीच्या जोडीने वाळवंटात उतरले. मात्र ही विद्या एका पक्षाची राहिली नव्हती. त्याच वाळवंटाचे दुसरे शोधक, हंगेरीचे लास्झलो आल्मासी यांनी १९४२ मध्ये जर्मन हेरांना मोटारींतून ते पार करविले. निव्वळ हौसेने शोधलेल्या वाटा अशा रीतीने युद्धाच्या कामी आल्या.

बॅग्नॉल्ड यांनी १९४१ मध्ये तुकडीची सूत्रे जुने सहकारी गाय प्रेंडरगास्ट यांच्याकडे सोपविली. १९४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. उत्तरायुष्यात त्यांनी नद्यांतील गाळाच्या वहनावर संशोधन केले. २८ मे १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर २५ वर्षांनी, २०१५ च्या अखेरीस क्युरिऑसिटी हे यान मंगळावरील वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचले. ज्यांनी कैरोच्या भंगारातून पन्हळी वेचल्या होत्या, त्यांच्याच नावाने शास्त्रज्ञ त्या टेकड्यांना ओळखतात.