प्रकाशाची स्मृती जपणारे दादासाहेब

पनवेल तालुक्यातील आपटा रेल्वे स्थानक रसिकांना आठवते ते 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) मधील अखेरच्या प्रसंगामुळे. तो प्रसंग फिल्मवर टिपला गेला चांदीच्या क्षारांमुळे. प्रकाश पडताच त्यांच्यात बदल होतो. याच रसायनाच्या बळावर भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मले.

मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असताना प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. तिरंगी छपाई शिकण्यासाठी १९०९ मध्ये त्यांनी जर्मनी गाठली. पुढे चित्रपटाच्या ध्यासापायी काही काळ त्यांची दृष्टीही गेली. ती परतताच, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते लंडनला गेले. परतल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली आणि तो लघुपट दाखवून भांडवल मिळविले. पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापर्यंतची कामे सांभाळीत. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले. प्रकाशाने रंग बदलणाऱ्या पदार्थाच्या ठोकळ्यात, दोन लेझर किरण एकमेकांना छेदतात तेथेच माहिती नोंदवून त्रिमित साठवण करण्याचे तंत्र १९८९ मध्ये अमेरिकेत मांडले गेले. प्रकाशाने लिहिलेले टिकवायचे कसे, हा प्रश्न मात्र दादासाहेबांच्या काळाइतकाच जुना आहे.