डायक्स्ट्रा आणि जवळची वाट

एड्सखर डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम शहरी झाला. वडील शाळेत रसायनशास्त्र शिकवीत, आई गणितात तरबेज. कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाची बाजू मांडावी, असे या मुलाच्या मनात होते. पण विज्ञानातले गुण पाहून वारा फिरला आणि तो लायडनला भौतिकशास्त्र शिकू लागला. १९५१ मध्ये त्यांनी केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा छोटा वर्ग केला आणि पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात काम धरले. प्रोग्रॅमर हा व्यवसाय तेव्हा कोणाच्या गावीही नव्हता. १९५७ साली लग्नाच्या नोंदीत त्यांनी तो सांगितला, तर कचेरीने मान्य केला नाही. भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले. मुलगा संगणकावर नेमके काय करतो हे स्थळ बघताना समजावून सांगणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांना हे वाचून धीर येईल.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९५६ मध्ये, केंद्राच्या आर्मॅक या नव्या यंत्राचे प्रात्यक्षिक द्यायचे होते. सामान्य माणसालाही कळेल असा प्रश्न हवा होता. वाग्दत्त वधू रिया हिच्यासोबत बाजारहाट करून दमल्यावर दोघे कॉफी प्यायला बसले आणि कागद-पेन्सिल न घेता डायक्स्ट्रांनी वीसेक मिनिटांत रीत बसवली. निघण्याच्या गावापासून सर्वांत जवळचे गाव आधी पक्के करायचे; त्याच्यामार्गे पुढची गावे जवळ पडतात का ते पाहायचे; मग उरलेल्यांतले सर्वांत जवळचे पक्के करायचे. प्रात्यक्षिकाला हॉलंडच्या नकाशातली ६४ गावे घेतली. १९५९ मध्ये ही रीत जेमतेम तीन पानांत छापून आली.

ती रस्त्यांपुरती राहिली नाही. १९८९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या ओएसपीएफ या पद्धतीत प्रत्येक राउटर आपल्या जोडण्यांची खबर सगळीकडे पोचवतो, प्रत्येकाकडे सारखाच नकाशा तयार होतो आणि त्यावर जो तो स्वतःपासून डायक्स्ट्रांची रीत चालवतो. गणित चोख आहे. अडचण येते ती खबर पोचवण्यात. एका इमारतीतले जाळे वाड्याच्या चौकासारखे असते: एक हाक मारली की सगळ्या खोल्यांत ऐकू जाते. फ्रेम रिलेसारख्या लांब पल्ल्याच्या जाळ्यात तशी हाक नसते. इंदूरच्या घराने ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथल्या नातेवाइकांना वेगवेगळे फोन करावेत, तसे ते. म्हणून शेजाऱ्यांचे पत्ते राउटरमध्ये हाताने लिहावे लागतात. शिवाय सर्वांच्या वतीने खबर गोळा करून वाटणारा एक कारभारी राउटर लागतो, आणि त्याची थेट जोडणी प्रत्येक शाखेशी हवी. असा बहुधा मुख्य कार्यालयाचाच असतो. शाखांचा अग्रक्रम ० ठेवावा, म्हणजे त्या निवडीत उभ्याच राहत नाहीत. हे न करता निवड नशिबावर सोडली आणि एखादी शाखा कारभारी झाली, तर जोडणी चालू दिसते, दिवा जळतो, पण बाकीच्या शाखांचे मार्ग मिळत नाहीत. मग बँकेच्या खिडकीवर रांग उभी राहते. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक जोडणी दोन टोकांमधली स्वतंत्र वाट मानणे. तिथे कारभारी लागतच नाही. शाखा एकमेकींशी थेट जोडलेल्या नसतील, तर आम्हांला हाच बरा वाटतो.

ओएसपीएफ डायक्स्ट्रांनी रचले नाही. पण करून पाहू, चालले तर चालले, या वृत्तीशी त्यांचा जन्मभर उभा दावा होता. चाचणीने चूक सापडते, चूक नाही हे सिद्ध होत नाही, असे त्यांचे ठाम मत. आठवडाभर बिनबोभाट चाललेले जाळे एक राउटर बंद-चालू होताच कारभारी बदलून कोलमडते, तेव्हा या मताची किंमत कळते. बोलण्यात ते तिखट होते. १९६८ मधल्या गो टू आज्ञेविरुद्धच्या छोट्या पत्राने प्रोग्रॅमरांत मोठी खळबळ उडाली. १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

आइंडहोव्हनला अध्यापन करून ते १९८४ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला गेले. संगणकशास्त्राचा हा आचार्य स्वतः मात्र फाउंटन पेनने लिही. अशी १३०० हून अधिक क्रमांकित टिपणे त्यांनी लिहिली. प्रती काढून ती ओळखीच्या थोड्या जणांना टपालाने जात. ते आणखी प्रती काढून पुढे धाडत. २००२ मध्ये ते न्यूनेनच्या घरी परतले. ६ ऑगस्टला तिथेच त्यांचे निधन झाले.