हायरम पर्सी मॅक्सिम

हायरम पर्सी मॅक्सिम (२ सप्टेंबर १८६९, ब्रुकलिन, न्यू यॉर्क – १७ फेब्रुवारी १९३६, ला हंटा, कोलोरॅडो) हे अमेरिकन अभियंता, संशोधक, लेखक आणि हौशी रेडिओ चळवळीचे अग्रणी होते. बंदुकीचा आवाज कमी करणारे व बाजारात यशस्वी ठरलेले पहिले उपकरण त्यांनी तयार केले. त्यांनी त्याला सायलेन्सर हे नाव दिले. आज ते सप्रेसर या नावानेही ओळखले जाते. अमेरिकन रेडिओ रिले लीगचे ते सहसंस्थापक आणि आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाचे पहिले अध्यक्ष होते.

कुटुंब आणि शिक्षण

मॅक्सिम यांचा जन्म संशोधकांच्या घराण्यात झाला. त्यांचे वडील सर हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४च्या सुमारास स्वयंचलित यंत्रबंदूक तयार केली. 'मॅक्सिम गन' या नावाने ती जगभर पोहोचली आणि युरोपीय सत्तांच्या वसाहतींतील युद्धांमध्ये तिचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. काका हडसन मॅक्सिम हे स्फोटके आणि धूरविरहित दारू या क्षेत्रांतील संशोधक होते. आईचे नाव जेन बडन. पर्सी यांना दोन धाकट्या बहिणी होत्या.

१८८१ मध्ये सर हायरम कामानिमित्त युरोपला गेले आणि पुढे इंग्लंडमध्येच स्थायिक झाले. पत्नी व मुले अमेरिकेत राहिली. पर्सी तेव्हा सुमारे बारा वर्षांचे होते. वडिलांचा सहवास त्यांना बालपणापुरताच लाभला. परंतु त्या काळातील आठवणींचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. वर्षानुवर्षे बंदुकांच्या आवाजात काम केल्यामुळे सर हायरम यांना उत्तरायुष्यात जवळजवळ पूर्ण बहिरेपण आले.

पर्सी यांनी १८८६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील यांत्रिकी अभ्यासक्रम पूर्ण केला. २१ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा विवाह मेरीलँड राज्याचे माजी गव्हर्नर विल्यम हॅमिल्टन यांची कन्या जोसेफिन हिच्याशी झाला. या दांपत्याला एक मुलगा व एक मुलगी झाली.

मोटारगाड्यांवरील काम

मॅसेच्युसेट्समधील लिन येथे अमेरिकन प्रोजेक्टाइल कंपनीत नोकरी करत असताना मॅक्सिम फावल्या वेळात पेट्रोल इंजिनावर प्रयोग करू लागले. त्यांनी स्वतः तयार केलेले इंजिन एका तीनचाकी सायकलवर बसवले. या प्रयोगांमुळे १८९५ मध्ये त्यांना कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत काम मिळाले. सायकलींसाठी प्रसिद्ध असलेली ही कंपनी तेव्हा मोटारनिर्मितीकडे वळत होती. तेथे मॅक्सिम यांनी कोलंबिया या नावाने विकल्या गेलेल्या विजेच्या आणि पेट्रोलच्या गाड्यांच्या विकासात भाग घेतला.

पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा आवाज ही त्या काळातील गाड्यांची मोठी अडचण होती. घोडे बुजत आणि रस्त्यावरचे लोक तक्रारी करत. दाबाखालील वायू एकदम मोकळा न करता त्याला वाटेत पसरू दिले, तर आवाज कमी होतो, हे तत्त्व मॅक्सिम यांनी पुढे बंदुकीलाही लावले.

बंदुकीचा सायलेन्सर

बंदुकीचा बार होतो तेव्हा गोळीमागचा तप्त वायू प्रचंड दाबाने नळीच्या तोंडातून बाहेर पडतो. कानठळ्या बसवणारा आवाज मुख्यतः त्यामुळे होतो. मॅक्सिम यांनी नळीच्या टोकावर बसवता येईल असे नळकांडे तयार केले. त्याच्या आतील वक्र पडद्यांमुळे वायू घुमत राही, पसरून थंड होई आणि मंद गतीने बाहेर पडे. गोळीसाठी मात्र सरळ वाट मोकळी असे. न्हाणीघरातील टबाच्या छिद्रातून भोवरा करत जाणारे पाणी पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. ३० मार्च १९०९ रोजी त्यांना या रचनेचे अमेरिकन पेटंट मिळाले.

पहिल्या नमुन्यात गोळीची वाट नळकांड्याच्या मध्यातून जात असे. त्यामुळे नळकांड्याचा वरचा भाग बंदुकीच्या नेमीच्या आड येई. १९१०च्या नमुन्यात ही वाट मध्याच्या वर घेण्यात आली आणि नळकांड्याचा बहुतेक भाग नळीच्या पातळीखाली गेला. बंदुकीची मूळ नेम बदलण्याची गरज त्यामुळे उरली नाही. वेगवेगळ्या व्यासाच्या गोळ्यांसाठी वेगवेगळ्या आकाराचे सायलेन्सर बनवले जात. ०.२२ इंची छोट्या रायफलीसाठीचा सायलेन्सर लहान, हलका आणि सर्वसामान्य ग्राहकाला परवडणारा होता.

हे उपकरण दुकानांत आणि टपालाने खुलेपणाने विकले जाई. त्यासाठी कोणत्याही परवान्याची आवश्यकता नव्हती. नेमबाजीचा सराव करताना शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, नवशिक्याने आवाजाने दचकू नये आणि खांद्याला बसणारा धक्का कमी व्हावा, हे त्याचे फायदे जाहिरातींतून मांडले जात. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही मॅक्सिम सायलेन्सर बसवलेली रायफल होती. अमेरिकन लष्कराने स्प्रिंगफील्ड १९०३ या रायफलीवर सायलेन्सरच्या चाचण्या घेतल्या.

सायलेन्सर या नावामुळे मात्र एक गैरसमज रूढ झाला. हे उपकरण बंदूक निःशब्द करत नाही. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा अधिक वेगाने जात असेल, तर तिच्या मार्गात हवेत होणारा कडाका सायलेन्सरने थांबत नाही. आधुनिक सप्रेसर आवाजाची पातळी साधारणपणे २० ते ३५ डेसिबलने कमी करतात. मोठ्या रायफलीचा आवाज सुमारे १६० डेसिबल असल्यामुळे सप्रेसर लावल्यानंतरही तो चांगलाच मोठा राहतो. चित्रपटांत दाखवली जाणारी अस्फुट कुजबुज प्रत्यक्षात क्वचितच आढळते.

१९३४चा कायदा

दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेत २६ जून १९३४ रोजी नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट हा कायदा झाला. यंत्रबंदुका, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन यांच्याबरोबर सायलेन्सरचाही त्यात समावेश करण्यात आला. त्यांची नोंदणी बंधनकारक झाली आणि प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसला. ही रक्कम साध्या सायलेन्सरच्या किमतीच्या कित्येक पट होती. परवडणारी वस्तू म्हणून असलेले त्याचे स्थान या करामुळे संपले. वडिलांची यंत्रबंदूक आणि मुलाचा सायलेन्सर हे दोन परस्परविरोधी हेतूंचे शोध अशा रीतीने एकाच कायद्याच्या एकाच यादीत आले.

मॅक्सिम यांच्या कंपनीने बंदुकीच्या सायलेन्सरचे उत्पादन हा कायदा होण्यापूर्वीच थांबवले होते. तिने कारखान्यांतील इंजिने, कॉम्प्रेसर व वायुवाहक नळ्यांचा आवाज कमी करणारी उपकरणे बनवण्यावर लक्ष केंद्रित केले आणि हाच तिचा मुख्य व्यवसाय ठरला.

हौशी रेडिओ

मॅक्सिम यांना बिनतारी संदेशवहनाचा छंद होता. एप्रिल १९१४ मध्ये त्यांना हार्टफर्डहून सुमारे ३० मैलांवरील स्प्रिंगफील्ड येथे एक संदेश पाठवायचा होता. पण त्यांच्या यंत्राच्या लहरी तेथवर पोहोचेनात. वाटेवरच्या विंडसर लॉक्स गावातील एका हौशी चालकाने तो संदेश घेऊन पुढे पोहोचवला. असे चालक साखळीसारखे जोडले, तर संदेश देशभर जाऊ शकतील, हे मॅक्सिम यांच्या लक्षात आले. त्याच वर्षी त्यांनी क्लॅरेन्स टस्का या तरुण सहकाऱ्यासह अमेरिकन रेडिओ रिले लीगची स्थापना केली. डिसेंबर १९१५ मध्ये 'क्यूएसटी' हे मासिक सुरू झाले. त्यात मॅक्सिम 'द ओल्ड मॅन' या टोपणनावाने खुसखुशीत लेख लिहीत. हे लेखक कोण, हे बहुतेक वाचकांना त्यांच्या मृत्यूनंतरच समजले.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर हौशी केंद्रे बंद करण्यात आली. युद्ध संपल्यावरही रेडिओचे नियंत्रण नौदलाकडे ठेवण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा हौशी रेडिओचे अस्तित्वच धोक्यात आले. मॅक्सिम व लीगने त्याविरुद्ध अमेरिकन काँग्रेसमध्ये बाजू मांडली. तो प्रस्ताव मागे पडला आणि १९१९ मध्ये हौशी चालकांना पुन्हा प्रक्षेपणाची परवानगी मिळाली. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील हौशी चालकांनी अटलांटिकपार दुतर्फा संपर्क साधला. १९२५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला व मॅक्सिम त्याचे अध्यक्ष झाले. भारतातील अमेचर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही या संघाची सदस्य आहे.

चित्रपट आणि लेखन

१९२६ मध्ये मॅक्सिम यांच्या पुढाकाराने अमेचर सिनेमा लीग ही हौशी चित्रपटकारांची संघटना स्थापन झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. खगोलशास्त्राच्या आवडीतून त्यांनी विश्वातील जीवसृष्टीच्या स्थानाविषयी 'लाइफ्स प्लेस इन द कॉसमॉस' (१९३३) हे पुस्तक लिहिले. 'अ जीनियस इन द फॅमिली' (१९३६) या पुस्तकात त्यांनी आपल्या विक्षिप्त आणि बुद्धिमान वडिलांच्या आठवणी विनोदी शैलीत सांगितल्या आहेत. त्यावर आधारित 'सो गोज माय लव्ह' हा चित्रपट १९४६ मध्ये प्रदर्शित झाला. मोटारगाड्यांच्या आरंभकाळाविषयीचे 'हॉर्सलेस कॅरेज डेज' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये प्रकाशित झाले.

मृत्यू आणि वारसा

फेब्रुवारी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळा पाहण्यासाठी पत्नीसह रेल्वेने जात असताना मॅक्सिम आजारी पडले. त्यांना ला हंटा येथे उतरवून रुग्णालयात दाखल करण्यात आले. घशाच्या संसर्गामुळे १७ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. मेरीलँडमधील हेगर्सटाउन येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे डब्ल्यू१एडब्ल्यू हे रेडिओ संकेतनाम त्यांच्या स्मरणार्थ लीगच्या मुख्यालयातील केंद्राला देण्यात आले असून कनेटिकटमधील न्यूइंग्टन येथील हे केंद्र आजही त्याच नावाने प्रक्षेपण करते.

सायलेन्सर वजनाने हलका, किमतीने माफक आणि तरीही परिणामकारक कसा करावा, हा मॅक्सिम यांच्यापुढचा प्रश्न आजच्या उत्पादकांपुढेही आहे. ॲल्युमिनियम हलके व स्वस्त असते, पण ते मुख्यतः ०.२२ इंची बंदुकीसारख्या कमी दाबाला पुरते. पोलाद टिकाऊ असले तरी नळीच्या टोकाशी वजन वाढवते. टायटॅनियम हलके व मजबूत असले तरी महाग पडते. १९३४ मध्ये बसवलेला २०० डॉलरचा कर नव्वदहून अधिक वर्षे तेवढाच राहिला. २०२५ मधील कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील हा कर शून्य केला. नोंदणीची अट मात्र कायम राहिली. मराठीत सायलेन्सर हा शब्द बहुधा दुचाकीच्या आवाजरोधकासाठी वापरला जातो. तोही बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब हळूहळू उतरवण्याच्या तत्त्वावरच चालतो.