‘पॅप स्मिअर’चे जनक

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वसूचना देणारी ‘पॅप स्मिअर’ तपासणी अनेक स्त्रियांना ऐकून तरी ठाऊक असते. तिला ज्यांचे नाव मिळाले ते डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. ग्रीसमधील किमी येथे १८८३ मध्ये एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. अथेन्सला वैद्यकाची पदवी, म्युनिकला डॉक्टरेट आणि १९१३ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह न्यूयॉर्क! तेथे या विद्वानावर दुकानात गालिचे विकण्याची वेळ आली. मेरी त्याच दुकानात बटणे शिवत.

पुढे कॉर्नेलच्या प्रयोगशाळेत गिनिपिगच्या योनिमार्गातील पेशींवरून त्यांना ऋतुचक्राचे टप्पे ओळखता येऊ लागले. मग स्त्रियांचे नमुने हवे होते. मेरी पुढे आल्या आणि वर्षानुवर्षे स्वतःचा नमुना देत राहिल्या. त्यांचे नाव तपासणीला नाही, हा अन्यायच. स्त्रियांच्या नमुन्यांचा अभ्यास वाढला, तशा काहींत कर्करोगाच्या पेशीही दिसल्या. १९२८ मध्ये पापानिकोलाऊंनी हे मांडले. पण ऊतीचा तुकडा काढून निदान करण्यास सरावलेल्या वैद्यकविश्वाला सुट्या पेशींवर विसंबणे पटेना. १३ वर्षे अशीच गेली. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४१ मध्ये निबंध व १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठे दारे उघडली. हा रोग पहिल्या बदलापासून अनेक वर्षे घेत वाढतो; त्या अवधीतच त्याला गाठणे आता शक्य होते.

१९६१ मध्ये ते मायामीच्या कर्करोग संस्थेची धुरा घेण्यास गेले. फेब्रुवारी १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.