राजवाड्यांची दप्तरे आणि आपली ग्रंथालये

पारतंत्र्य केवळ राज्यकारभारापुरते नसते. कोणते कागद जपावयाचे, ते कोणास दाखवावयाचे आणि त्यांवरून इतिहास कोणी लिहावयाचा, हेही राज्यकर्तेच ठरवितात. कंपनी सरकारचा अधिकारी ग्रँट डफ याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला आणि तोच दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ साली त्यातील दोष दाखविले खरे. परंतु पर्यायी इतिहास उभा राहण्यास अस्सल कागद हवे होते, आणि पेशवे दप्तर तर सरकारी कुलपात होते.

हे कुलूप उघडण्याची वाट विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी पाहिली नाही. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही. गावोगावचे वाडे, मठ आणि माळे हीच त्यांची ग्रंथालये झाली. वाळवीच्या तोंडी जाणारे रुमाल त्यांनी सोडविले, वाचले आणि छापले. वाई येथे मिळालेल्या पत्रांतून पानिपतच्या काळावर प्रकाश टाकणारा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला; पुढे असे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागेही प्रेरणा त्यांचीच. इंग्रजीचे उत्तम ज्ञान असूनही त्यांनी लेखन मराठीतच केले. आपल्या विद्येचे न्यायासन परक्या भाषेत असावे, हे त्यांस मान्य नव्हते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले.

तथापि, राजवाड्यांचे मोठेपण सांगताना त्यांची मर्यादा झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जातिविषयक त्यांची मते पूर्वग्रहदूषित होती. १९१८ साली प्रबोधनकार ठाकरे यांनी 'कोदंडाचा टणत्कार' लिहून त्यांचा प्रखर प्रतिवाद केला. शिवाय, रुमाल सापडतात ते लिहिणाऱ्यांच्या घरी. बलुतेदार, कुळे आणि स्त्रिया यांचे जीवन दप्तरांत आढळते ते बहुधा दुसऱ्याच्या लेखणीतून. परकीयांचे कुलूप निघाले, तरी आतील सारी दालने उघडली असे होत नाही.

म्हणूनच राजवाड्यांचा खरा वारसा त्यांच्या निष्कर्षांत नसून त्यांच्या पायपिटीत आहे. सावकाराच्या खतावण्या, कामगार संघटनांची इतिवृत्ते, जात्यावरच्या ओव्या यांना महाविद्यालयीन ग्रंथालयात जागा मिळेल, तेव्हाच त्यांचे अपुरे कार्य पुढे जाईल. अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यासाठी सरकारी अनुदानाची वाट का पाहावी? राजवाड्यांनी पाहिली नव्हती.